काळा दाणा कोणाच्या वाट्याला?



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर प्रथम पन्हाळा उभा राहतो. ते योग्यच आहे. परंतु मी आज ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो गडावर घडला नाही. तो खळ्यावर, कणगीत, तेलगिरणीच्या ओट्यावर आणि गरिबाच्या तव्यावर घडला. हा इतिहास आहे धान्यावर येणाऱ्या बुरशीचा आणि त्या बुरशीतून निर्माण होणाऱ्या विषाचा. मी शास्त्रज्ञ नाही. माझे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर सुटले. पुढचे जे काही झाले ते करवीर नगर वाचन मंदिरातल्या टेबलावर आणि कामगारांच्या सभांतून झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. तरीही हा विषय मी का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे.

माझी आई शेंगा फोडण्याच्या एका गिरणीत दाणे निवडण्याचे काम करीत असे. गिरणीचे नाव मी घेत नाही, कारण त्या काळी सर्वत्र हीच रीत होती. पन्नास-साठ बायका ओळीने बसत. पुढ्यात दाण्यांचा ढीग, हातात सूप, आणि वर एकच मिणमिणता दिवा. चांगला दाणा एकीकडे. काळा, सुरकुतलेला, फुटका दाणा दुसरीकडे. मजुरी वजनावर. संध्याकाळी घरी जाताना झाडणीतला दाणा पदरात बांधून न्यायची मुभा असे, आणि ती मालकाची मेहेरबानी आहे असे आम्ही समजत असू. त्या दाण्यांचा कूट आमच्या आमटीत पडे. कूट किंचित कडू लागला तर आई त्यात गूळ थोडा जास्त टाकी.

पुढे मी युनियनच्या कामाला लागलो. एके दिवशी अशाच एका गिरणीच्या फाटकावर सभा संपल्यावर एक वयस्कर बाई माझ्याजवळ आली. तिच्या मुठीत हिरवट-पिवळी भुकटी धरलेले दाणे होते. म्हणाली, "दादा, ह्ये आमच्या म्हशीला घालू का वो? टाकवत न्हाई बगा." मी म्हणालो, "घाला की मावशी. पेंडीत जायचंच आहे ते, नाहीतरी म्हशीच्याच पोटात जाणार." सभेत मजुरीच्या दराचे सगळे आकडे मला पाठ होते, पण तिच्या मुठीत काय आहे ते मला ठाऊक नव्हते. ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मावशीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

बुरशीच्या धान्याने माणसे आजारी पडतात हे ज्ञान जुने आहे. मध्ययुगीन युरोपात राय नावाच्या धान्याच्या कणसांवर अरगट नावाची बुरशी येई. ती दळणात गेली की हातपाय भाजल्यासारखे जळत, काळे पडत आणि गळून पडत. लोक त्याला सेंट अँथनीचा अग्नी म्हणत. आता कोणी म्हणेल, हे परमुलखातले झाले. तर आपल्याकडचे ऐका. हीच जातकुळी आपल्या बाजरीवरही येते. ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा आणि रिमझिम पाऊस राहिला की कणसातून मधासारखा चिकट थेंब पाझरतो. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. पुढे त्याच जागी दाण्याऐवजी काळपट, कठीण गाठ तयार होते. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने विषबाधेची साथ आली. माणसांना मळमळ, पुन्हा पुन्हा वांती, घेरी आणि न आवरणारी झोप येई. पटेल, बोमन आणि दलाल या तिघांनी त्या साथीचा वृत्तांत १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. कोल्हापूर तेव्हा त्याच राज्यात होते, म्हणजे ही आपल्याच घरातली गोष्ट आहे.

या रोगावरचा उपाय किती साधा निघाला पाहा. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे आणि त्यात बाजरीचे बियाणे ओतायचे. अरगटाच्या गाठी हलक्या असल्यामुळे वर तरंगतात. त्या काढून जाळायच्या, तळाचा दाणा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा. म्हणजे दोन किलो मीठ, एक घमेले आणि एका माणसाचा वेळ, एवढेच भांडवल. यातला माणसाचा वेळ हा जो भाग आहे तो ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याकडे मला परत यायचे आहे.

आता १९६० साली इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहू. तेथे त्या वर्षी एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या पटापट मेल्या. कारण सापडेना, म्हणून रोगाला नाव दिले 'टर्की एक्स'. शोध करता करता माग लागला तो ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. पुढच्या वर्षी त्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी असल्याचे सिद्ध झाले, आणि तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बुरशीच्या नावातील आद्याक्षरे घेऊनच हा शब्द बनवलेला आहे. श्रीमंत देशातली कोंबडी मेली तेव्हा जगाच्या प्रयोगशाळा जाग्या झाल्या. मी हे कडवटपणे सांगत नाही. त्या जागे होण्याचा उपयोग पुढे आपल्यालाही झाला. पण हा क्रम इतिहासात नोंदलेला असावा.

ही बुरशी राहते कोठे? ती आपल्या मातीतच असते. तिला उष्मा आवडतो. भुईमुगाच्या शेवटच्या महिन्यात पावसाने ओढ दिली, जमीन तापली आणि शेंगेला भेगा पडल्या किंवा किडीने भोक पाडले, की बुरशी जमिनीतच दाण्यात शिरते. काढणीनंतर शेंगा ओल्या राहिल्या की ती पसरते. पोत्यात, भिंतीच्या ओलीत, गळक्या छपराखाली ती वाढतच राहते. आणि मुख्य गोष्ट अशी की हे विष भाजून, शिजवून किंवा तळून पुरते जात नाही. आपल्या चुलीच्या आचेला ते दाद देत नाही. बुरशी पुसली आणि दाणा उजळ दिसला, तरी आत झालेले विष तसेच राहते. शरीरात गेल्यावर त्याचा मारा यकृतावर होतो. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्याला ब प्रकारची कावीळ झालेली असते त्याच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८७ साली अफ्लाटॉक्सिनला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पंक्तीत बसवले.

आणि एकदम पुष्कळ पोटात गेले तर काय होते, हे आपल्याच देशाने १९७४ साली पाहिले. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हे लगतचे जिल्हे. वस्ती बहुतांशी भिल्लांची आणि मका हेच त्यांचे मुख्य अन्न. त्या वर्षी ऐन कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. कणसे भिजली, आणि तीच ओलसर कणसे घरात रचून ठेवली गेली. थोड्याच दिवसांत दोनशेहून अधिक गावांत कावीळ पसरली. पोटे पाण्याने फुगली. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतली १०६ गेली. प्रथम ही साथीची कावीळ वाटली. पण साथीची कावीळ कुत्र्याला होत नाही, आणि येथे त्याच घरांतली कुत्रीही पोट फुगून मरत होती. माणूस आणि कुत्रा यांत समान असे एकच होते, घरातली भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मका तपासला. त्यात दर किलोला सहा ते पंधरा मिलिग्रॅम एवढे अफ्लाटॉक्सिन निघाले. आज आपल्या देशात धान्याला मान्य असलेली मर्यादा किलोला पंधरा मायक्रोग्रॅम आहे. एका मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम हजार होतात. म्हणजे त्या भाकरीत मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होते. तीस वर्षांनी, २००४ साली, केनियात मक्यानेच हाच प्रकार घडवला. तेथे ३१७ जण आजारी पडले आणि १२५ दगावले.

आपल्या महाराष्ट्राकडे पुन्हा वळू. १९६४ साली सीएसएच-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात आली. तिने उत्पन्न वाढवले, टंचाईच्या काळात पुष्कळांची चूल पेटती ठेवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आपली जुनी खरिपाची ज्वारी पाऊस सरता सरता फुलोऱ्यात येत असे आणि कोरड्या उन्हात पिकत असे. ही नवी जात अवघ्या साडेतीन महिन्यांच्या आत, पाऊस चालू असतानाच दाणा भरू लागली. परिणामी दाण्यावर बुरशी धरली आणि ज्वारी काळी पडू लागली. माझ्या वयाच्या ज्यांनी लहानपणी काळपट 'हायब्रीड'ची भाकरी खाल्ली असेल त्यांना ही चव सांगावी लागणार नाही. मोठ्या घरांत रब्बीची शुभ्र शाळू खाल्ली जाई. काळी ज्वारी मजुराच्या घरी जाई. १९९५ साली दख्खनच्या पठारावर आंध्र आणि कर्नाटकातल्या गावांत अशीच पावसात सापडलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब यांची साथ आली. तपासात २७ गावे बाधित आढळली. त्या धान्यात फ्युमोनिसिन नावाचे, दुसऱ्या एका बुरशीचे विष निघाले. ते धान्य खाणे थांबताच माणसे बरी झाली, हे सुदैव.

मंडळी, बाजरी, मका आणि ज्वारी या तिन्ही प्रसंगांत मला एक सूत्र दिसते. पाऊस अवकाळी पडणे हे कोणाच्या हातात नाही. परंतु भिजलेले धान्य वाळवायला, निवडायला आणि वाईट ते टाकून द्यायला वेळ लागतो, जागा लागते, आणि टाकलेल्याच्या बदली दुसरे धान्य घरात असावे लागते. ज्याच्याकडे हे तिन्ही आहे तो वाचतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या ताटात काळा दाणा येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रशियाच्या ओरेनबर्ग भागात कापणीला हात उरले नाहीत म्हणून पीक हिवाळाभर बर्फाखाली राहिले. वसंतात ते बुरशीचे धान्य लोकांनी भुकेपोटी खाल्ले आणि हजारो माणसे मेली. म्हणून मी म्हणतो की बुरशीचा इतिहास हा मजुरीच्या इतिहासापासून तोडता येत नाही.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून पुन्हा दाणे निवडणाऱ्या बायकांकडे जाऊ. शास्त्रज्ञांना असे आढळले की भुईमुगाच्या राशीत विष सारखे पसरलेले नसते. ते थोड्याच दाण्यांत साठलेले असते, आणि हे दाणे बहुधा फुटके, सुरकुतलेले किंवा रंग बदललेले असतात. एखाद्या अतिदूषित दाण्यात इतके विष असू शकते की तो एकटा तीस किलो निर्मळ दाण्यांना मर्यादेपलीकडे नेईल. दहा टनांचा ट्रक घ्या. त्यातल्या सर्व दाण्यांत मिळून मर्यादेइतके विष म्हणजे अवघा दीड-दशांश ग्रॅम. चिमूटभर मिठाहून कमी. आता विचार करा, सूप घेऊन बसलेली बाई एक काळा दाणा बाजूला काढते तेव्हा ती काय करते? जे काम प्रयोगशाळेची यंत्रेही केवळ मोजू शकतात, ते ती प्रत्यक्ष करते. आणि आपण तिला मजुरी कशी देत होतो? वजनावर. जितके जास्त दाणे ती चांगले म्हणेल तितकी मजुरी जास्त. म्हणजे डोळा तीक्ष्ण ठेवणाऱ्या बाईला आपण दंड करीत होतो.

आणखी एक रीत सांगतो. शेंगा यंत्रात फोडण्यापूर्वी त्यांवर पाणी मारण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. पाण्याने दाणा कमी फुटतो आणि वजनही थोडे वाढते. परंतु वाळवलेल्या शेंगेला पुन्हा पाणी पाजणे म्हणजे झोपलेल्या बुरशीला हाक मारणे होय. दाण्यातील ओल आठ टक्क्यांच्या खाली असली की बुरशीचे काही चालत नाही. ती ओलांडली आणि तेच पोते गोदामात आठवडाभर राहिले, की शेतकऱ्याने खळ्यावर केलेले सारे कष्ट वाया जातात.

आता मोठ्या गिरण्यांत सॉर्टेक्सची यंत्रे आली आहेत. ती रंगावरून दाणा ओळखून हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतात. यंत्राला माझा विरोध नाही, पण त्यामुळे ज्यांचे काम गेले त्यांची सोय कोण करणार, हा प्रश्न युनियनने विचारलाच पाहिजे. आणि दुसरा प्रश्न तुम्हा सर्वांचा आहे. यंत्राने असो की बाईने असो, बाजूला काढलेला काळा दाणा पुढे जातो कोठे?

तो तेलाच्या घाण्यात जातो. तेथे विषाचा मोठा भाग पेंडीत उतरतो. तेल रिफाइंड केले तर त्यातले उरलेले विषही जवळजवळ निघून जाते. मात्र साध्या घाण्याच्या तेलात ते काही अंशी राहू शकते. लाकडी घाण्याचे तेल आज पुन्हा आवडीने घेतले जाते. घ्यावे, परंतु घाणेवाल्याला 'दाणा कसा घातला?' हे विचारून घ्यावे. पेंड जाते गोठ्यात. म्हशीने दूषित पेंड खाल्ली की त्या विषातला थोडा अंश रूप बदलून एका दिवसाच्या आत दुधात उतरतो. अशा जनावरांच्या दुधात विष येते हे इंग्लंडात १९६३ सालीच दिसून आले होते. आणि हे दूध कोण पिते? ज्या कोल्हापुरात म्हैस कट्ट्यावर आणून डोळ्यांदेखत धार काढून घेण्याची प्रथा आहे, त्या कोल्हापुराला हे सांगताना मला संकोच वाटतो. धारोष्ण दूध पाण्यापासून निर्भेळ असते, पेंडीपासून नव्हे. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतल्या ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्राधिकरणाने त्याचे मूळ चाऱ्यात आणि पशुखाद्यात असल्याचे सांगितले. म्हणजे गरिबाच्या वाट्याला ढकललेला काळा दाणा पेंडीच्या वाटेने फिरून श्रीमंताच्या मुलाच्या पेल्यात येतो.

कामगारांच्या श्वासाचाही प्रश्न आहे. नेदरलँड्समध्ये भुईमुगाची तेलगिरणी चालवणाऱ्या कामगारांच्या एका लहान गटाची पाहणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. दूषित पेंडीची धूळ नाकातोंडात गेलेल्या त्या कामगारांत कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक दिसले. गट लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण धूळ शोषून घेणारा पंखा आणि तोंडाला चांगला मास्क मागायला एवढे कारण पुरेसे आहे.

मग करावे काय? उपाय नवे नाहीत, आणि फार महागही नाहीत. शेतकऱ्याने भुईमुगाला आऱ्या सुटताना जिप्सम द्यावे, म्हणजे टरफल भक्कम होते. पाणी असेल तर शेवटच्या टप्प्यात ताण पडू देऊ नये. काढणी वेळेवर करावी, उपटलेल्या वेली शेंगा वर आणि पाला खाली अशा उलट्या मांडाव्यात, आणि शेंग कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत वाळवावे. पोती थेट जमिनीवर वा भिंतीला टेकवून न ठेवता फळ्यांवर ठेवावीत. आपले आजोबा ज्वारीच्या पेवाचे तोंड मातीने लिंपून हवाबंद करीत. आजच्या हवाबंद पिशवीमागचे तत्त्व तेच आहे. अट एकच, आत जाणारे धान्य आधी कोरडे हवे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आपल्या जिल्ह्यात भिजलेले धान्य रस्त्यावर पसरून वाळवलेले मी पाहिले. पुराचे धान्य वाळले म्हणजे शुद्ध झाले असे नव्हे. ते खाऊ नये, जनावरांना घालू नये. आणि हे सांगताना त्या कुटुंबाला बदली धान्य ताबडतोब देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी. नुसता उपदेश भुकेल्या माणसाला ऐकू येत नाही.

गिरणीवाल्यांनी निवडणीची मजुरी वजनावर न देता दिवसावर द्यावी, भरपूर उजेड द्यावा, आणि काढलेला काळा दाणा वेगळा तोलून त्याची नोंद ठेवावी. तो पेंडीत जाऊ नये अशी व्यवस्था झाली पाहिजे. दूध संघांनी आणि पशुखाद्याच्या कारखान्यांनी पेंडीची तपासणी नित्याची करावी. आणि तुम्ही ग्राहकांनी? शेंगदाणे घेताना सर्वांत स्वस्ताचा आग्रह धरू नये, कारण त्या स्वस्ताईत बहुधा कोणाची तरी न दिलेली मजुरी असते. घरी आणलेले दाणे ताटात पसरून पाच मिनिटे निवडावेत. कडू लागलेला दाणा थुंकून टाकावा. त्यावर गूळ घालू नये.

माझी आई आता नाही. त्या गिरणीच्या जागी आता दुसरीच इमारत उभी आहे. ती मावशी मला पुन्हा भेटली नाही. तिने मूठ उघडून माझ्यापुढे धरली तेव्हा तिच्या मनात शंका होती, म्हणूनच ती विचारायला आली होती. हातांना जे उमगले होते ते पुस्तकात सापडायला मला वीस वर्षे लागली. तिच्यासारख्या कोणी आज या मंडपात बसल्या असतील तर त्यांना माझे सांगणे आहे: मावशी, म्हशीला घालू नका. घरीही नेऊ नका. आणि तो दाणा निवडून काढल्याची मजुरी मात्र पुरी मागून घ्या.